वंशावळीची वर्गणी, सहा महिने आणि एक गाढव

गेल्या मंगळवारी वंशावळ शोधायच्या एका संकेतस्थळाच्या वर्गणीचे, पुढच्या सहा महिन्यांचे, पैसे कार्डावरून गेल्याचा मेसेज आला आणि माझं डोकं फिरलं. आपोआप नूतनीकरण मी स्वतः बंद केलं होतं, त्याची मेलही जपून ठेवली होती. चॅटवरचा माणूस (माणूसच असावा) तीनदा म्हणाला की तुमचा त्रास मी समजू शकतो. त्रास नको समजूस बाबा, पैसे परत कर. चाळीस मिनिटांनी एकदाचा कबूल झाला. त्या रागात लिहितेय, हे आधीच सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही.

मी ठाण्याची, संसार बॉस्टनजवळ, नवरा आयरिश वंशाचा. लेकाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला. माझी बाजू आमच्या कुलवृत्तांतातून अर्ध्या तासात भरली, सात पिढ्या. (त्यात बायकांची फक्त सासरची नावं आहेत, पण तो राग वेगळा.) नवऱ्याची बाजू मात्र खापरपणजीपाशी अडली. होनोरा, आडनाव ओ'सलिव्हन, जन्म: आयर्लंड. पुढे काही नाही.

हे 'आयर्लंड' मी नंतर इतक्या वेळा वाचलं की चीड यायला लागली. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत आयर्लंड, जहाजाच्या यादीत आयर्लंड, नागरिकत्वाच्या जुन्या कागदांवरही बहुतेक तेवढंच. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, मूळ गाव कोणतं? गाव सांगा, मग वही निघते. आयर्लंडचंही तसंच. तिथे गावापेक्षाही लहान असा टाउनलँड असतो, आपल्या वाडीएवढा, आणि ते साठ हजारांच्या वर आहेत. तो कळेपर्यंत सगळी वर्गणी पाण्यात.

आता माझी मुख्य तक्रार. वरचा स्वल्पविराम. ओ'सलिव्हन असं टाकलं की या संकेतस्थळावर एक यादी येते, स्वल्पविराम काढून मधे जागा सोडली की दुसरी, नुसतं सलिव्हन टाकलं की तिसरी. आयरिश लोकांनी हा 'ओ' शंभर वर्षं कधी लावला, कधी गाळला. एकाच घरातला एक भाऊ ओ'सलिव्हन, दुसरा सलिव्हन. आयरिश कागदपत्रांचे पैसे घेणाऱ्यांना एवढं माहीत नसावं? मी तीनदा लिहून कळवलं. तीनदा आभाराची मेल आली. होनोराचं तर विचारूच नका: नोरा, हनोरा, ऑनर, सगळ्या तिच्याच. त्यातून पानाच्या कोपऱ्यात सारख्या 'सूचना' लुकलुकतात. एका सूचनेप्रमाणे होनोराला स्वतःच्या आईच्या जन्माच्या दोन वर्षं आधी मूल झालं होतं.

दोन महिन्यांनी वैतागून फुकटचं काय मिळतं ते बघायला गेले, आणि इथून माझं मत फिरलं. आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळपास सगळी गेली. १८२१ ते १८५१ ची बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत जळली, १८६१ आणि १८७१ ची सरकारनेच नष्ट केली, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगदा करून टाकली. हे वाचल्यावर वाटलं, संपलं. पण जे उरलं ते बरंचसं सरकारने फुकट ठेवलंय. १९०१ आणि १९११ ची जनगणना, १८६४ पासूनच्या जन्मनोंदी मूळ पानाच्या चित्रासकट, ग्रिफिथची पाहणी (करासाठी केलेली जमीन-घरांची नोंद) नकाशासकट, राष्ट्रीय ग्रंथालयाची कॅथलिक नोंदवह्यांची पानं. सातबाऱ्याचा उतारा काढायला आपल्याकडे जो घाम गाळलाय तो आठवून मी त्या देशाला मनातल्या मनात नमस्कार केला.

गाव मात्र ना फुकट सापडलं ना पैसे देऊन. ते सासूबाईंच्या बिस्किटाच्या डब्यात होतं. होनोराच्या भावाचं, तो गेल्यावर छापलेलं प्रार्थनेचं कार्ड: माँटानातल्या ब्यूटमध्ये मृत्यू, मूळचा ॲलिहीज, काउंटी कॉर्क. बेअरा द्वीपकल्पाच्या टोकाला ॲलिहीजच्या तांब्याच्या खाणी होत्या. तिथलं काम आटलं तशी माणसं थेट ब्यूटच्या तांब्यावर गेली. सासूबाईंना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तू कंप्युटरला विचारत होतीस.

यावरून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगते, कार्ड काढायच्या आधी घरातले डबे उघडा.

पुढचं काम सोपं, असं वाटलं होतं. बेअरामध्ये सलिव्हन म्हणजे कोल्हापुरात पाटील. कॅसलटाउनच्या नोंदणी जिल्ह्यात चार वर्षांतल्या एकतीस होनोरा-नोरा मी एकेक पान उघडून पाहिल्या. तरले ती एका रकान्यामुळे: आईचं माहेरचं नाव. प्रत्येक जन्मनोंदीत ते असतं, आणि होनोराच्या बॉस्टनच्या लग्ननोंदीतही आईचं माहेरचं नाव होतं. दोन्ही जुळली. (कुलवृत्तांतवाल्यांनो, वाचताय ना?) लग्नाच्या वेळी तिने वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, १९०० च्या जनगणनेत चार वर्षांनी.

आणखी एक गंमत. होनोराचा चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ३ मार्च १८६६, सरकारी नोंदीत जन्म २० मार्च १८६६. म्हणजे जन्माआधी सतरा दिवस पाणी शिंपडलं. मी रात्रभर डोकं खाजवलं. मग कळलं, उशिरा नोंद केली की दंड पडायचा, म्हणून बाप जन्मतारीख पुढे ढकलायचे. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून टाकलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. चर्चची तारीख खरी धरा.

ग्रिफिथच्या पाहणीत होनोराचे आजोबा सापडले, तेही टोपणनावासकट. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची चार कुळं असली की कारकून कंसात बापाचं नाव नाहीतर केसांचा रंग लिहायचा. आपल्याकडे गावात 'तुकाचा रामा' आणि 'तांबडा रामा' असतात, तसंच.

आता वर्गणीबद्दलचे थोडे शब्द परत घेते. पाचव्या महिन्यात, पैसे वसूल करायचे म्हणून, मी खालच्या कोर्टाच्या वह्या उघडल्या. पेटी सेशन्स म्हणतात. आयर्लंडमध्ये जवळपास प्रत्येकजण कधी ना कधी तिथे उभा राहिलाय: दारू, भांडण, कुत्र्याचा परवाना नाही (१८६५ च्या कायद्यानंतर कुत्र्यामागे २ शिलिंग), जनावर मोकळं. आणि तिथे होनोराचे वडील. गुन्हा: सार्वजनिक रस्त्यावर एक गाढव मोकळं सोडणे. फुकटच्या ठिकाणी ही वही मला मिळाली नव्हती. जन्म-लग्न-मृत्यूच्या तारखांनी जे झालं नाही ते या गाढवाने केलं. लेकाने वंशवृक्षात खापरपणजीच्या शेजारी ते काढलं, लाल शेंदरी रंगाचं, आणि बाईंनी त्यालाच चांदणी दिली.

तेव्हा माझा हिशोब असा. एक महिन्याची वर्गणी घ्या, तीही गाव कळल्यावर, आणि फक्त कोर्टाच्या वह्यांसाठी. बाकी सगळं फुकट होतं. वरच्या स्वल्पविरामाबद्दल एक तारा कापतेय, नूतनीकरणाबद्दल दोन. पाचपैकी दोन.

वर्गणीचे अकरा दिवस उरलेत. त्या पानावर दंडाचा आकडा दिसतो, पण भरला की नाही तो रकाना शाईच्या डागाखाली गेलाय. नवरा म्हणतो भरला असेल. सासूबाई म्हणतात, आमच्यातला होता ना, मग नसेल.