सुट्टीतले दिवसभराचे शिबिर : धाकटीला लाभले, थोरल्याला नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा तीन आठवडे एकाच शिबिरात जात होते. सकाळी नऊला सोडायचे, चारला आणायचे, मुक्काम नव्हता.

मुलीच्या गटाची व्यवस्था चोख होती. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांनुसार दिवसाच्या शिबिरात 9 ते 14 वर्षांच्या दर 10 मुलांमागे किमान एक मोठे माणूस असावे लागते. येथे 18 मुलांना दोन ताई होत्या. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला पोहायला लावून, ज्यांना नीट येत नव्हते त्यांच्या मनगटावर लाल पट्टी बांधली आणि त्यांना उथळ पाण्यातच ठेवले. मुले जोडीजोडीने तलावात उतरत. मध्येच शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि ताईंची मोजणी पूर्ण होईपर्यंत जागचे हलायचे नाही. मुलीला हा खेळच वाटे, त्यामुळे घरीही ती भावाचा हात असाच वर ओढून धरू लागली. दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावले जाई, ज्याची आठवण मला स्वतःला कधी राहत नाही. चित्रकला आणि हस्तकलेचे तास मात्र यथातथाच होते.

मुलाच्या बाबतीत निराशा झाली. माहितीपत्रकात मोठ्या मुलांसाठी ‘नेतृत्व प्रशिक्षण’ असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात चेंडू गोळा करणे, बाटल्या भरणे आणि लहानग्यांच्या रांगा लावणे एवढेच त्याच्या वाट्याला आले, तेही पूर्ण शुल्क भरून. दुसऱ्या आठवड्यात तर आठ लहान मुले त्याच्या एकट्याच्या हवाली करून दादा फोनवर बोलायला निघून गेले. शिबिरार्थी म्हणून आलेल्या मुलावर दुसऱ्यांच्या मुलांची जबाबदारी टाकणे मला मुळीच मान्य नाही. संचालकांनी चूक कबूल केली आणि तो प्रकार पुन्हा घडला नाही, पण त्याच्या दिनक्रमात नवे काहीच आले नाही.

पुढच्या वर्षी मुलीला तेथेच पाठवीन. मुलासाठी नाव नोंदवण्यापूर्वी मोठ्या गटाचे तासवार वेळापत्रक लेखी मागून घेईन.