नव्या यूपीव्हीसी खिडक्या आणि पोटमाळ्यात ठिबकणारं पाणी: एका पावसाळ्या-हिवाळ्यानंतरचा अनुभव

यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, खिडक्या घ्यायला निघाला असाल, तर काचेची जाडी आणि जाळीचा रंग नंतर बघा. आधी खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं आहेत का, ती उघडी आहेत का आणि ती कुठे पाडली आहेत, हे बघा. आमच्या घरातला पावसाळ्यातला सगळा त्रास या बोटभर भोकांपायी झाला.

घर नाशिकमध्ये, मखमलाबादकडे. खाली स्लॅब, वर मागच्या बाजूला एक खोली आणि बाथरूम. त्या खोलीवर रंगीत पत्रा, पत्र्याखाली पीओपीचं छत आणि मधे पोटमाळा. जुन्या सागवानी खिडक्या काढून अडीच ट्रॅकच्या (दोन काचेचे पल्ले आणि एक जाळीचा) स्लायडिंग खिडक्या बसवल्या. रस्त्याकडच्या खिडकीला आवाज कमी यावा म्हणून दुहेरी काच घेतली. सागवान काढायला आईचा विरोध होता, पण दर पावसाळ्यात फुगणाऱ्या पल्ल्यांना रंधा मारून घेण्याचा खर्च मला परवडेना. फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून बसवणारा, शहरातलाच. त्याचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही.

उन्हाळ्यात खिडक्यांवर मी खूश होतो. धूळ थांबली, आवाज थांबला, पल्ला एका बोटाने सरकायचा. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

जूनच्या शेवटी पश्चिमेचा पाऊस सुरू झाला. आमच्याकडे तो त्र्यंबकच्या बाजूने वाऱ्यासकट येतो आणि छज्जा असला तरी खिडकीवर आडवा बसतो. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये अशा वेळी थोडं पाणी शिरणारच, तो काही दोष नाही. खिडकीची रचनाच अशी असते, की आत आलेलं पाणी ट्रॅकमधल्या खाचेतून खालच्या पोकळीत उतरतं आणि बाहेरच्या भोकातून निघून जातं. आमच्याकडे ते निघत नव्हतं. ट्रॅक काठोकाठ भरायचा, त्यात पावसाळी किडे तरंगायचे आणि वाऱ्याचा झोत आला की पाणी आतल्या काठावरून उसळून ग्रॅनाईटवर, तिथून भिंतीवर आणि शेवटी गादीवर यायचं.

तक्रार केल्यावर माणूस आला आणि म्हणाला, "काका, पाऊसच तिरका होता, हे नॉर्मल आहे." मी त्याच्यासमोर ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पाणी जागचं हललं नाही. गॅलरीतून वाकून बाहेरची बाजू पाहिली, तर फ्रेमच्या खाली सिलिकॉनची जाड रेघ मारली होती आणि भोकं तिच्याखाली बुजलेली. बाथरूमशेजारच्या खिडकीला तर भोकंच पाडलेली नव्हती, चौकटीचं प्रोफाइल (पोकळ प्लॅस्टिकची पट्टी) कोरं होतं.

मग त्याने जागेवरच ड्रिल काढून भोकं पाडली. पाणी वाहू लागलं, पण चुरा ट्रॅकमध्ये पडून रोलर अडकायला लागले. शिवाय एक भोक थेट स्टीलच्या कप्प्यात गेलं. यूपीव्हीसीच्या पोकळीत मजबुतीसाठी गॅल्व्हनाइज्ड स्टील घातलेलं असतं. पाण्याची वाट त्या कप्प्यातून जाता कामा नये, तिच्यासाठी वेगळा कप्पा असतो. आमच्या भोकातून आता तांबूस पाणी येतं आणि बाहेरच्या नव्या रंगावर त्याचा ओघळ उमटला आहे. हा ओघळ मला रोज दिसतो आणि रोज राग येतो. हे काम कारखान्यात फ्रेम कापतानाच नीट झालं असतं, त्याला वेगळा खर्चही नव्हता.

ऑगस्टमध्ये सगळ्या खिडक्यांची भोकं मोकळी झाली आणि उरलेला पावसाळा कोरडा गेला. तेव्हा माझं मत पुन्हा बदललं: माल चांगला, बसवणारे हात वाईट.

डिसेंबरात पोटमाळ्यातून ठिबकायला लागलं. पीओपीवर पिवळे डाग पडले आणि वर ठेवलेल्या गोधड्यांना कुबट वास आला. आईने ट्रंकेवर हात फिरवला तर हात ओला. सगळ्यांचं एकच म्हणणं, पत्रा गळतोय. पत्रेवाल्याने बोल्टचे वॉशर बदलून सगळीकडे सीलंट मारायचा भाव सांगितला. पण डिसेंबरात पाऊस कुठे होता?

पहाटे टॉर्च घेऊन वर चढलो. गळणारा पत्रा एखाद्या बोल्टपाशी किंवा जोडापाशी गळतो आणि पाण्याची एकच रेघ दिसते. इथे पत्र्याची आतली बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक थेंबांनी भरली होती, मटक्याला पाझर फुटावा तशी. थेंब एकमेकांत मिसळून उतारावरून घरंगळत लोखंडी पाइपापाशी थांबत होते आणि तिथून टपटप पीओपीवर पडत होते. पुसलं तरी थोड्या वेळात पुन्हा थेंब. ऊन वर आलं की सगळं गायब. हे घरातलंच पाणी होतं.

निरभ्र थंडीच्या रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. घरातली हवा 20 अंशांची आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर साधारण 14 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे पत्रा त्याच्या कितीतरी खाली असतो. आणि वाफ येते कुठून? गिझरची अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे, शिवाय गॅस. गॅस जळतानाही पाणी तयार होतं. 14.2 किलोच्या एका सिलिंडरमधून साधारण 22 लिटर पाणी वाफेच्या रूपात घरात येतं, स्वयंपाकाची वाफ वेगळीच.

आधीही हे सगळं होतंच, मग पत्रा आताच का पाझरला? जुन्या खिडक्यांच्या फटींतून हवा खेळायची आणि वरच्या खोलीत काचेच्या पट्ट्यांचं व्हेंटिलेटर होतं. नवी खिडकी बसवताना फॅब्रिकेटरने ते काढून तिथे फिक्स काच लावली. "धूळ येणार नाही, दिसायलाही भारी," म्हणाला. वाफ जिन्यातून वर चढत राहिली, बाहेर जायची वाट बंद झाली आणि पोटमाळ्याच्या झाकणाच्या फटींतून ती पत्र्यापर्यंत पोचली. चांगली खिडकी हवा अडवते, त्यासाठीच आपण तिचे पैसे मोजतो. म्हणून खिडकी विकणाऱ्याने ती हवा दुसरीकडून कशी जाईल, हे विचारायला हवं. मला कुणीही विचारलं नाही.

पत्र्याखाली फॉइलचं इन्सुलेशन लावायचा भाव ऐकून मी ते बाजूला ठेवलं. जोड नीट बंद झाले नाहीत तर ओली हवा त्याच्या मागे शिरून पत्र्याला लागतेच. त्याऐवजी पोटमाळ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत जाळीचे झरोके काढले, समोरासमोर. फिक्स काच काढून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला आणि झाकणाला रबरी पट्टी लावली. सगळं मिळून सीलंटच्या भावापेक्षा कमी पैशांत झालं. त्याच थंडीत पत्रा कोरडा झाला. अगदी कडाक्याच्या पहाटे थोडा दव दिसतो, पण ठिबकत नाही.

आता दुहेरी काचेबद्दल. थंडीत काचेवर आतून दव आलं तर तो खिडकीचा दोष नाही, घरातली वाफ कमी करा. पण दोन काचांच्या मधे धुकं आलं, जे आतून पुसता येत नाही आणि बाहेरूनही नाही, तर कडेचं सील फुटलं आहे. काचांमधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. सील फुटलं की ते भरून जातात आणि मग काही उपाय चालत नाही, काच बदलावीच लागते. आमच्या रस्त्याकडच्या खिडकीत खालच्या कोपऱ्यात असा ढग धरला आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, तुमच्याकडे दमट हवा आहे म्हणून. घर दमट असलं तरी बंद काचांच्या मधे ओल जायचं कारण नाही.

फॅब्रिकेटरची फोनवर टोलवाटोलवी चालली होती. मग मगभर पाण्याचा व्हिडिओ, तांबूस ओघळाचे फोटो आणि जीएसटीचं बिल जोडून लेखी तक्रार पाठवली आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवली. तिथून त्याची भाषा बदलली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही मी त्याला लिहून कळवलं. पक्कं बिल नसतं तर यातलं काही करताना जड गेलं असतं. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

सध्या रोलर बदलून मिळाले आहेत आणि नव्या काचेचं माप नेलं आहे. ठरलेल्या रकमेतले शेवटचे 10 टक्के मी अजून दिलेले नाहीत. काच बसेल आणि तांबूस पाण्याची फ्रेम बदलेल, त्या दिवशी देईन.