घरखर्चातला वाटा: ठरलेली रक्कम की वाटून घेतलेली बिलं?

निवृत्त आईवडिलांकडे राहणाऱ्या कमावत्या मुलांना खर्चात वाटा उचलायचाच असतो. घोडं अडतं ते पद्धतीवर. दोन पद्धती सर्रास दिसतात: दर महिन्याला आईवडिलांच्या खात्यात ठरलेली रक्कम टाकणं, किंवा वीज, इंटरनेट, किराणा अशी बिलं आपल्याकडे घेणं. दोन्ही मी वापरल्या आहेत.

बिलं वाटून घेणं सुरुवातीला सोपं जातं. हिशेब मांडावा लागत नाही, आणि ‘मुलाकडून पैसे घेतो’ हा संकोच आईवडिलांना होत नाही. पण बिल मुलाच्या मोबाइलला जोडलं की आठवणीचा मेसेज, ओटीपी, पावती सगळं तिथेच येतं. मुदत उलटली तरी घरात पत्ता नसतो. मग आई विचारते, “भरलंस का रे?” दोन-तीनदा विचारावं लागलं की तगादा लावल्यासारखं तिलाच वाटतं, आणि पुढे ती विचारणंच सोडते. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसांवर ही वेळ यावी, हे मला पटेना. माझा कौल तिथेच फिरला.

ठरलेल्या रकमेला आधी बैठक मारून हिशेब लागतो. मागच्या 12 महिन्यांचा खर्च मांडा आणि 12ने भागा. तीनच महिने धरलेत तर ऋतूप्रमाणे चढणारं वीजबिल, वर्षातून एकदा-दोनदाच येणारा मालमत्ता कर, विम्याचा हप्ता निसटतात. किराणा, पाणी, गॅस माणशी वाटा. वीजही तशीच, पण तुमच्या खोलीत एसी असेल किंवा तुम्ही घरून काम करत असाल, तर तुमचा वाटा जास्त धरा. रक्कम आपोआप जावी अशी स्थायी सूचना बँकेला द्या. तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवा, नाहीतर सुट्टीमुळे पगार लांबला की व्यवहार फसतो.

या पद्धतीची खोट एकच, पण मोठी: रक्कम वर्षानुवर्षं तीच राहते. किराणा महागतो, पेन्शन त्या वेगाने वाढेलच असं नाही, आणि “वाढव” असं आईवडील सहसा म्हणत नाहीत. पगारवाढीच्या महिन्यात तुम्हीच वाढवा. छताची गळती, बिघडलेला फ्रिज यात बसवू नका. त्यासाठी दरमहा थोडे पैसे वेगळे टाका.

आईवडिलांना ऑनलाइन भरणा झेपत नसेल किंवा विसरायला होत असेल, तर बिलं स्वतःकडे घेणंच कदाचित बरं. तेव्हा ऑटो-पे लावा आणि पावती न मागता त्याच दिवशी त्यांना पाठवा. बाकी घरांत मी ठरलेल्या रकमेकडेच झुकेन. वेगळं राहायला जाणार असाल तर मात्र दोन-तीन महिने आधी सांगा. त्यांचा महिना एव्हाना त्या रकमेवर बेतलेला असतो.