लाळेऱ्यांचं कापड घेताना : बिलावर ५२ आहे की ५५?

लाळेऱ्यांसाठी मागवलेलं कापड ‘प्युअर कॉटन’ म्हणून आलं. बिलावरही ‘कॉटन फॅब्रिक’ असंच छापलं होतं. त्याच ओळीत पुढे एचएसएन कोड, म्हणजे कराच्या हिशेबासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा होता, ५५१३. फसवणूक तिथेच, आकड्यात लिहिलेली होती. पण तो आकडा वाचायचा असतो हे ठाऊक नसल्यामुळे तो कोणी वाचला नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बाळंतविड्यासाठी लाळेरी, टोपडी, दुपटी शिवणारे गट बरेच आहेत आणि बहुतेकांचं कापड फोनवरच ठरतं. म्हणून हा व्यवहार तपशिलासह मांडत आहोत.

सौदा होता १२० मीटर छापील कॅम्ब्रिकचा, म्हणजे पातळ सुती कापडाचा. पन्हा ४४ इंच, वजन १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम), भाव मीटरला ६२ रुपये, एकूण ७,४४० रुपये, सगळे आगाऊ. विक्रेत्याने आधी नमुना पाठवला होता, कार्डाला टाचलेला चार बोटांचा तुकडा. तो खराच सुती होता. ‘ताई, धुतलं की अजून मऊ होईल, लहान बाळांसाठीच घेतात सगळे,’ असं फोनवर सांगितलं गेलं. माल आला तेव्हा सहा तागे होते आणि प्रत्येक ताग्याच्या वरच्या दोन-तीन घड्या नमुन्यासारख्याच होत्या. आतलं कापड टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि कापूस यांचं मिश्रण निघालं.

आता तो कोड. एचएसएनचे पहिले दोन आकडे म्हणजे मालाचं प्रकरण. ५२ म्हणजे कापूस. ५४ म्हणजे अखंड कृत्रिम धागा, आणि ५५ म्हणजे तुकडे करून कातलेले कृत्रिम तंतू. ५२०८ असेल तर त्या कापडात कापूस किमान ८५ टक्के आणि वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत. लाळेऱ्याचं वरचं सुती कापड साधारण इथेच बसतं. ५५१३ म्हणजे कृत्रिम तंतू ८५ टक्क्यांहून कमी, उरलेला मुख्यतः कापूस, वजन १७० ग्रॅमपर्यंत. सरळ मराठीत, टेरिकॉट. विक्रेता तोंडाने काहीही सांगतो, पण कोड बऱ्याचदा खराच टाकतो, कारण तो कराच्या हिशेबात जातो. म्हणून पैसे पाठवण्याआधी कच्चं बिल मागा आणि कोड बघा. कोडच नसेल तर ‘कोड टाकून पाठवा’ म्हणा. त्यावर तो काय उत्तर देतो, त्यावरूनही बरंच कळतं.

बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, गुजरात २४. ‘आमचा माल थेट इचलकरंजीच्या मागावरून’ म्हणणाऱ्याचा क्रमांक २४ने सुरू होत असेल, तर तो तेवढ्याने खोटा ठरत नाही, पण ‘थेट’ कसा हे विचारायला हवं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव आणि ती चालू आहे की रद्द हे फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

टेरिकॉट वाईट कापड नाही. शाळेचे गणवेश त्याचेच असतात. पण लाळेऱ्याचं एकच काम असतं, लाळ टिपणं. प्रमाण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. टेरिकॉटच्या लाळेऱ्यावरून लाळ खाली ओघळते आणि बाळाच्या गळ्याच्या वळ्यांत साठते. आपल्याकडच्या दमट हवेत तिथली कातडी कोरडी होत नाही, लाल होते. आई पावडर बदलते, साबण बदलते, लाळेऱ्यावर मात्र कोणाचा संशय जात नाही.

कापड ओळखायचं ते जाळून. काठाजवळून एक उभा धागा आणि एक आडवा धागा ओढून काढा. दोन्ही वेगवेगळे जाळा, कारण एका दिशेला सुती आणि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर असं विणलेलं कापडही विकलं जातं. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, मुलं आसपास नसताना. सुती धागा भराभर जळतो, विझल्यावरही टोक लाल धगधगतं, वास कागद जळल्याचा येतो आणि राख बोटांत पिठासारखी विरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, काळा धूर सोडतो आणि टोकाला कडक मणी उरतो. टेरिकॉट फसवा. तो जळतो, कागदाचा वासही येतो, म्हणून ‘सुतीच आहे’ असं वाटतं. थंड झाल्यावर टोक दोन बोटांत चुरडून बघा. काही तरी टोचलं, दाणा लागला, तर भेसळ आहे. या मालातल्या सगळ्या आतल्या घड्यांना असा दाणा होता.

एक भेसळ जाळून कळत नाही, ती रेयॉनची. रेयॉन सुतीसारखाच जळतो. त्यासाठी धागा ओला करून तोडा. कापूस ओला झाल्यावर जास्त मजबूत होतो, रेयॉन दुबळा. कोरडा धागा ताण देऊन तुटला आणि ओला मात्र सहज निसटून आला, तर तो रेयॉन. रोज धुतलं जाणारं लाळेरं रेयॉनचं असेल तर गळ्याच्या वळणावर लवकर विरतं.

मग वजन. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा ठेवून आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणायचं. घरच्या काट्यावर एवढा लहान तुकडा नीट दिसत नाही. तिथे ५० बाय ४० सेंटिमीटर कापा आणि ५ ने गुणा. १२० जीएसएमला २४ ग्रॅम यायला हवेत. या कापडाचे २४ आलेही! पण गरम पाण्यात साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा ठेवलं तर १९. उरलेली पाच ग्रॅम खळ होती. खळीमुळे पातळ कापड हाताला भरीव लागतं आणि चोळून बघणारा अनुभवी हातसुद्धा फसतो. कापड चोळल्यावर बोटांना पांढरी भुकटी लागली, तर धुतल्याशिवाय वजनावर विश्वास ठेवू नका.

मापातली चोरी सर्वांत शांतपणे होते. १२० ‘मीटर’ म्हणून आलेलं कापड १२० वार होतं. वार म्हणजे ०.९१४ मीटर, म्हणजे एकूण १०९.७ मीटर, सव्वादहा मीटर कमी. आणि पन्हा ४४ ऐवजी ४१ इंच. तीन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण मांडणी करून बघा. तयार लाळेरं २४ बाय ३० सेंटिमीटर, चहूबाजूंनी एक सेंटिमीटर शिवणीला, म्हणजे तुकडा २६ बाय ३२. ४४ इंच म्हणजे जवळपास ११२ सेंटिमीटर. धुऊन तीन टक्के आटलं आणि दोन्ही काठ सोडले तरी १०६ उरतात, त्यात चार तुकडे आडवे बसतात. ४१ इंचात काठ सोडल्यावर १०२ च उरतात, आटण्याआधीच. चार तुकड्यांना १०४ लागतात, म्हणून तीनच बसतात. मीटरभर लांबीत ३२ सेंटिमीटरच्या तीन ओळी, म्हणजे मीटरला बाराच्या जागी नऊ. १,४४० तुकड्यांच्या जागी सुमारे ९८७. भाव मीटरला ६२ दिसतो, पण तुकड्यामागे सव्वापाच रुपयांऐवजी साडेसात पडले. म्हणून कापडाचा भाव मीटरवर नको, तुकड्यावर काढा.

‘प्री-श्रंक (आधीच आटवलेलं) आहे, धुवायची गरज नाही’ हे वाक्यही जपून ऐका. जुन्या-नव्या कापडाची लाळेरी शिवणाऱ्यांना ते सर्वांत महागात पडतं. जुनं सुती लुगडं किंवा पंचा वर्षानुवर्षं धुऊन आटून बसलेला असतो. त्यावर नवं न धुतलेलं कापड लावून शिवलं, तर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि लाळेरं पापडासारखं वाकतं. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्टीचा गोट लावला असेल तर गळा आणखी चुणतो. ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखून धुवा, वाळवा, मोजा. उभ्या आणि आडव्या रेषा वेगवेगळ्या आटतात. मधल्या थरासाठीचं फ्लॅनेल सुतीपेक्षाही जास्त आटतं, ते दोनदा धुवा.

रंगासाठी पांढरा सुती रुमाल ओला करून छपाईवर वीस वेळा घासा. मग तोच प्रयोग चमचाभर मीठ घातलेल्या कोमट पाण्याने करा, कारण लाळ नुसतं पाणी नसते. बाळ लाळेरं चावतं. ज्या कापडाचा रंग रुमालावर उतरतो, ते लाळेऱ्याला लावू नका, मग ते कितीही सुरेख असो.

कातरण किलोवर घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाचं कातरण २५ किलोच्या गोणीत येतं. ‘किलोत साठ लाळेरी निघतात’ असं सांगितलं जातं. पाटीवर मांडा. १८० जीएसएमचा २६ बाय ३२ चा तुकडा १५ ग्रॅम. गळा आणि कोपरे कापून उरतो साधारण १२ ग्रॅमचा. लाळेऱ्याला दोन थर, २४ ग्रॅम. एक चिंधीही वाया न जाता किलोत ४१ बसतात. साठ कुठून येणार? आणि गोणीच्या कडेला मोठे तुकडे, पोटात चार बोटांच्या पट्ट्या, ही भरण्याची जुनी तऱ्हा आहे. गोणी उलटी करून मधला एक किलो काढा, त्यावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून किती तुकडे निघतात ते मोजा आणि तोच आकडा धरून भाव करा. जून ते सप्टेंबर कोकणात कातरण वजनावर घेऊच नये असं आमचं मत आहे. दमट गोणीत तुम्ही पाण्याचे पैसे मोजता, आणि आठ दिवसांत आत बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते पुढे उकळूनही जात नाहीत.

जुनं कापड ओळखीच्या घरातूनच घ्या. ‘धुतलेलं मऊ जुनं सुती’ म्हणून गठ्ठ्याने विकलं जाणारं कापड कुठून आलं हे कोणी सांगत नाही. त्यात शिक्के मारलेल्या चादरी, न निघणारे डाग दिसले तर गठ्ठा परत करा, धुवायलाही घेऊ नका. ओळखीच्या लुगड्यातही मधला भाग उजेडासमोर धरून बघा. जाळी दिसली किंवा दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर चर्र आवाज आला तर तो भाग सोडा. पदर आणि काठाजवळचा पट्टा बहुधा चांगला असतो. चांगला भाग धुण्याच्या सोड्यात पंधरा-वीस मिनिटं उकळून कडक उन्हात वाळवा.

‘वॉटरप्रूफ थर’ म्हणून टेबलावरचं मेणकापड खपवलं जातं. नव्या रेनकोटसारखा वास आला आणि इस्त्री जवळ नेताच चिकटलं तर ते तेच. टिच बटणं धातूची असतील तर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. किनाऱ्यावरच्या हवेत जे दोन महिन्यांत गंजणार ते सकाळीच तांबूस होतं.

एवढं तपासायचं तर माल हातात यायला हवा. म्हणून आधी नमुना मागायचा तो काठासकट अर्धा मीटर, त्याच लॉटचा. मग पाच मीटरची लहान ऑर्डर, मग मोठी. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या ताग्यापर्यंत एकच अखंड व्हिडिओ घ्या. प्रत्येक तागा पूर्ण उलगडा, जोड मोजा, तीन ठिकाणी पन्हा मोजा. फसलोच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विक्रेता ऑनलाइन पैसे घेऊन गायबच झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. वार-मीटरची चोरी वैधमापनशास्त्र विभागाकडे नेता येते. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं विक्रेता सांगतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूत धरलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. शिवण हेच उपजीविकेचं साधन आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा.

असं कापड वापरून लाळेरी शिवून झाली असतील, ती बारशाला कुणाच्या घरी गेली असतील, तर त्या घरांना कळवा. लाळेरं दोनदा साध्या साबणाने धुवायला सांगा, कंडिशनर न घालता. वाळल्यावर वर पाण्याचा एक थेंब टाकायचा. सुती असेल तर थेंब लगेच आत शिरतो आणि पसरतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला किंवा उतारावर घरंगळला, तर ते लाळेरं बाळाच्या गळ्यात घालू नका म्हणावं आणि दुसरं पाठवावं. उरलेलं टेरिकॉट पिशव्यांना आणि मशीनच्या झाकणांना चालतं. तागा बाजूला ठेवताना त्यावर मोठ्या अक्षरात ‘टेरिकॉट’ लिहून चिठ्ठी टाचा, नाही तर पुढच्या घाईच्या ऑर्डरला तो पुन्हा कापायला घेतला जातो.