कमाल-किमान तापमापक: लांबलेला उकाडा मोजायला कोणता घ्यावा?

"पूर्वी अभ्यंगस्नानाला कुडकुडायला व्हायचं, आता दिवाळीत पंखा लागतो." हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण दिवाळी हे माप म्हणून कच्चं आहे. 2023 मध्ये नरक चतुर्दशी 12 नोव्हेंबरला होती आणि 2025 मध्ये 20 ऑक्टोबरला. मधला फरक तेवीस दिवसांचा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली पहाट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली पहाट यांची तुलना करून ऋतू सरकल्याचं ठरवता येत नाही. त्यासाठी तारीखवार नोंद हवी, आणि नोंदीसाठी साधा कमाल-किमान तापमापक पुरतो. हजार रुपयांच्या आत दोन प्रकार सहज मिळतात: काचेच्या यू आकाराच्या नळीचा, आणि बाहेर वायरने सेन्सर सोडलेला डिजिटल. इथे या दोन्हींचीच पारख केली आहे.

आधी एक गोष्ट, कारण खरेदी त्यावरच ठरते. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारचं ऊन अंगावर येतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष कमाल आकड्याकडे असतं. लांबलेला उकाडा मात्र रात्रीच्या किमान आकड्यात दिसतो. हवामान खात्याच्या नोंदीनुसार 1901 पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर 2024 चा. त्या महिन्याचं देशाचं सरासरी तापमान 26.92 अंश होतं, तर सर्वसाधारण आकडा 25.69. म्हणजे सव्वा अंश जास्त. पण नुसतं किमान तापमान पाहिलं तर 20.01 च्या जागी 21.85, म्हणजे जवळजवळ दोन अंश जास्त. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येऊन उत्तरेत थंडी आणणाऱ्या हवामान प्रणाली, आल्या नाहीत आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं होत राहिली, त्यामुळे पूर्वेकडून दमट वारे येत राहिले. ढग आणि बाष्प रात्री जमिनीची उष्णता वर निसटू देत नाहीत. तेव्हा तुमच्या तापमापकाची किमान बाजू धड चालत नसेल, तर बाकी सगळं नीट असूनही या कामासाठी तो निरुपयोगी.

यू नळीचा तापमापक जेम्स सिक्स यांनी 1780 मध्ये बनवला आणि रचना आजही तीच आहे. डाव्या फुग्यात अल्कोहोलसारखा द्रव, नळीच्या वळणात पारा, आणि दोन्ही भुजांत पाऱ्यावर टेकलेली एकेक बारीक लोखंडी दर्शक कांडी. हवा तापली की डावीकडचा द्रव फुगतो, पारा उजवीकडे चढतो आणि तिथली कांडी वर ढकलतो. हवा गार झाली की उलटं होतं. पारा परत फिरला तरी कांडी जिथे पोचली तिथेच राहते. त्यामुळे डाव्या, म्हणजे किमान भुजेवरची मोजपट्टी उलटी असते: खाली यावं तसे आकडे वाढतात. नवख्या हातून सर्वांत जास्त चुका इथेच होतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कांडीचं वरचं टोक वाचणं. दोन्ही भुजांत कांडीचं खालचं, पाऱ्याकडचं टोक वाचायचं, आणि डोळा त्याच उंचीवर ठेवून. खालून किंवा वरून पाहिलं तर एक अंशाचा फरक सहज पडतो.

दुकानातच एक तपासणी करा. दोन्ही भुजांतला पारा या क्षणाचं तापमान दाखवतो, म्हणून दोन्हीकडचा आकडा एकच यायला हवा. एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर नळी पट्टीवर सरकलेली आहे किंवा पाऱ्याचा स्तंभ तुटलेला आहे. कुरिअरने आलेल्या नगांत स्तंभ तुटण्याचा प्रकार बऱ्याचदा दिसतो. तापमापक उभा धरून तळहातावर हलकेच ठोकला तर तो बहुतेक वेळा जुळतो. डाव्या फुग्यात हवेचा बुडबुडा दिसला तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत न पडता परत करा. स्वस्त नगांत नळी प्लॅस्टिकच्या पट्टीवर नुसत्या चिमट्यांनी बसवलेली असते. घरी आणल्याबरोबर पक्क्या शाईच्या पेनाने नळी आणि पट्टी या दोन्हींवरून जाणारी एक रेघ मारून ठेवा. पुढे नळी सरकली की रेघ तुटलेली दिसेल.

पाऱ्याबद्दल सावध राहा. लहान मुलं असलेल्या घरात बिनपाऱ्याचाच घ्यावा. पाऱ्याचा फुटलाच तर झाडूने लोटू नका, त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

डिजिटल प्रकारात डबी आत आणि सेन्सर वायरने बाहेर असतो. वायर बहुधा दीड ते तीन मीटर लांब असते, आणि ही लांबीच त्याची खरी मर्यादा आहे. डबी पावसात टिकत नाही, म्हणून पंपघर किंवा ओसरी जवळ लागते. सेल बदलताना बऱ्याच मॉडेलांत साठवलेले कमाल-किमान आकडे पुसले जातात, तेव्हा आधी वहीत उतरवून घ्या. असं असलं तरी याचा एक गुण सगळ्या उणिवा भरून काढतो: तो घरी तपासता येतो. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ भरा, भिजेल इतकंच पाणी घाला, सेन्सर पातळ प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून मध्यभागी खोचा आणि अधूनमधून ढवळत पंधरा मिनिटं थांबा. आकडा 0 यायला हवा. 0.8 आला तर रोजच्या नोंदीतून 0.8 वजा करायचे. यू नळीचा तापमापक असा बर्फात बुडवता येत नाही. तो तपासलेल्या डिजिटल सेन्सरशेजारी तीन रात्री टांगून पहाटेचे आकडे जुळवावे लागतात.

डिजिटल डबीवर आर्द्रताही दिसते. तिच्यावर आंधळा विश्वास नको, कारण फवारणीच्या औषधांनी आणि धुळीने तो सेन्सर हळूहळू बिघडतो. बरणीच्या तळाशी वाटीभर मीठ ठेवून ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, डबी वर कोरड्या झाकणावर ठेवा आणि बरणी रात्रभर घट्ट बंद करा. खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता 75 टक्के असते. पाचापेक्षा जास्त टक्क्यांचा फरक असेल तर ते आकडे निर्णयासाठी वापरू नका.

तापमापक कितीही चांगला असला तरी चुकीच्या जागी टांगला की वाया जातो. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडते, त्यामुळे भिंतीला चिकटवलेला तापमापक किमान आकडा दोन-तीन अंशांनी सहज जास्त दाखवतो. म्हणजे आपण शोधतोय नेमकी तीच चूक तो स्वतःच तयार करतो. सिमेंटचा ओटा आणि पत्र्याचं छप्पर यांच्यापासूनही लांब ठेवा. हवामान खात्याची पद्धत आदर्श आहे: पांढरी, झडपांची लाकडी पेटी, आतले तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, दार उत्तरेला. डिजिटल सेन्सरसाठी कुंडीखालच्या सात-आठ पांढऱ्या प्लॅस्टिक ताटल्या उपड्या करून, मध्ये दीड-दीड सेंटिमीटर फट ठेवून लांब बोल्टवर ओवा. वरची अखंड ठेवा आणि मधल्यांना भोक पाडून सेन्सर आत सोडा. "उत्तरेच्या भिंतीवर ऊन येत नाही" हा सल्ला आपल्याकडे पुरता लागू नाही. नाशिकच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो.

वाचन रोज सकाळी साडेआठला करा, ही हवामान खात्याचीही वेळ आहे. किमान आकडा आजच्या तारखेला लिहा आणि कमाल कालच्या तारखेला. मग चुंबकाने किंवा बटणाने दर्शक खाली आणा. पहाटे सहाला वाचून लगेच दर्शक खाली आणण्याची सवय घातक आहे. समजा आज पहाटे 11 अंश होते आणि सहालाच तुम्ही दर्शक पाऱ्यावर टेकवला. उद्याची रात्र उबदार, 16 अंशांची गेली तरी उद्याच्या वाचनात आजचे 11 च दिसतील. एकच थंडी दोनदा मोजली जाते आणि उबदार रात्र वहीत येतच नाही.

एका रात्रीवरून काही ठरवू नका. सात दिवसांच्या किमान आकड्यांची सरासरी काढा आणि जवळच्या केंद्राच्या सर्वसाधारण आकड्याशी ताडून पाहा. नाशिक शहर आणि निफाड यांच्या पहाटेच्या आकड्यांत काही अंशांचा फरक पडतो. त्यामुळे निफाडच्या शेतकऱ्याने शहराचा नव्हे, कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राचा आकडा धरावा. "सर्वसाधारण" कोणत्या तीस वर्षांचं आहे हेही पाहा. आता 1991 ते 2020 हा काळ धरतात. हा काळ आधीच्यांपेक्षा उष्ण असल्याने आजचा फरक जुन्या तक्त्याच्या मानाने कमी दिसतो. मोसमी पावसाच्या तारखाही अशाच 2020 मध्ये बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 29 सप्टेंबर होती, ती 8 ऑक्टोबर झाली. पाऊसच नऊ दिवस उशिरा निघत असेल तर ऑक्टोबर हीट आणि तिच्यामागची थंडीही पुढे सरकणारच.

आता या आकड्यांचा उपयोग. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. ऑक्टोबरअखेर रात्री उबदार असताना घाई केली तर फुटवे कमी येतात, म्हणून सात दिवसांची सरासरी उतरू लागेपर्यंत थांबण्यात नुकसान नाही. मात्र थंडीची वाट पाहत 15 नोव्हेंबर ओलांडू नका. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटतं. उशीर झालाच तर निफाड 34 सारखा उशिराचा वाण घ्या आणि बियाणं हेक्टरी 100 किलोऐवजी 125 किलो धरा.

द्राक्षात गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, कमाल-किमानातला फरक आणि आर्द्रता या दोन्हींची नोंद लागते. ढगाळ, उबदार, ओल्या रात्री डाऊनी या बुरशीजन्य रोगाला पोसतात, तर हवा कोरडी होऊन ढगाळ राहिली की भुरी हा दुसरा बुरशीजन्य रोग डोकं वर काढतो. मण्यांत पाणी उतरताना किमान एकदम खाली जाऊन दिवस-रात्रीतलं अंतर वाढलं की पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडण्याची, भीती असते. घडांना पेपर लावायचा तो त्याआधी, मणी गुलाबी दिसू लागल्यावर नव्हे. कोकणात हापूसवाल्यांनी किमान बाजूच पाहावी. रात्री उबदार राहिल्या तर झाड मोहोराऐवजी पालवी काढतं.

एकच घ्यायचा असेल तर वायरच्या सेन्सरचा डिजिटल घ्या, कारण बर्फात तपासून त्याची चूक आकड्यात मांडता येते. वीज-सेलांची कटकट नको असेल आणि रोज हात लावणारा माणूस एकच असेल, तर बिनपाऱ्याची, बटणाची यू नळी वर्षानुवर्षं चालते. द्राक्ष बागायतदाराने दोन्ही घ्यावेत. वायफायची हवामान केंद्रं महाग आहेत, आणि जागा चुकली तर तीही तितकीच चुकतात. खरेदी सप्टेंबरमध्येच करा. तपासणी, टांगणी आणि शेजारी ठेवून जुळवणी यात दहा-बारा दिवस जातात, आणि 1 ऑक्टोबरपासूनचे आकडे वहीत असतील तरच नोव्हेंबरमध्ये पेरणीच्या वेळी उतार दिसतो.