शनिवारवाड्याचं भूत की स्वतः घडवलेलं?

कुमारांसाठी भूतकथा लिहायची तर पुण्यात पहिली वाट तयारच आहे: शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३, गारद्यांनी (भाडोत्री शिपायांनी) मारलेला पेशवा नारायणराव आणि ‘काका, मला वाचवा’. पण ती हाक सगळ्यांना पाठ, त्यामुळे भीती उरत नाही. उरतं त्याचं वय. अवघा १८ वर्षांचा! वाचकाच्याच वयाचा मुलगा घरच्या माणसाकडे धावतोय, हे धरून लिहिलं तरच ती दंतकथा जिवंत होते.

दुसरी वाट मला जास्त प्रिय. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, रात्रीचे अकरा, शेजारची खुर्ची रिकामी आणि तिच्यापुढे पानं उलटताहेत. इथे नियम आपणच ठरवायचे: ते कुणाला दिसतं, त्याला हवंय काय. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्या मुलीची धास्ती त्या खुर्चीत आपोआप येऊन बसते.