‘क्लिक’: कादंबरीतला शब्द कोणाच्या तोंडी आहे हे दाखवणारे साधन

एखादा शब्द कादंबरीत पुन्हापुन्हा येतो तेव्हा तो किती वेळा आला यापेक्षा कोणाच्या तोंडी आला हे कळणे मोलाचे असते, आणि बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम विद्यापीठांत विकसित झालेले ‘क्लिक’ हे मोफत संकेतस्थळ नेमके तिथे उपयोगी पडते. मागेपुढच्या मजकुरासह शब्द एकाखाली एक मांडणारी साधने इतरही आहेत. पण येथे अवतरणचिन्हांतला मजकूर आणि निवेदन वेगवेगळे शोधता येतात.

डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) घेऊन पाहावे. स्टीफन ब्लॅकपूल या गिरणी कामगाराच्या बोलण्यात ‘मडल’ (गोंधळ) हा शब्द अखेरपर्यंत येत राहतो. कामगारांना सोन्याच्या चमच्याने कासवाचे सूप आणि हरणाचे मांस हवे असते, हा गिरणीमालक बाउंडर्बीचा आरोप जवळपास त्याच शब्दांत परतत राहतो, आणि मालकाने कामगाराचे म्हणणे कधी ऐकूनच घेतलेले नाही हे त्या पुनरुक्तीतूनच उघडे पडते. उलट वाफेच्या यंत्रांना दिलेली उदास, वेड लागलेल्या हत्तींची उपमा निवेदकाची आहे. पात्रांना शहर दिसते. हत्ती फक्त निवेदकाला दिसतात.

‘फॅक्ट’ (वस्तुस्थिती) या शब्दापाशी मात्र साधनाची मर्यादा जाणवते. केवळ वस्तुस्थितीलाच मानणारा ग्रॅडग्राइंड तो गंभीरपणे उच्चारतो, तर कोकटाउन या कादंबरीतल्या गिरण्यांच्या शहराचे वर्णन करताना निवेदक तोच शब्द लागोपाठ वापरून त्याची खिल्ली उडवतो. दोन्ही ओळी वेगळ्या काढून मिळतात, परंतु उपरोध अवतरणचिन्हांवरून ओळखता येत नाही, आणि निवेदनात मिसळलेले पात्राचे विचारही निवेदनातच मोजले जातात. शब्द बदलून आलेली तीच कल्पना तर शोधातून सरळ निसटते.

ठरावीक लांबीचे पुनरावृत्त शब्दसमूह काढून देणारा विभाग मला सर्वांत उपयुक्त वाटला, कारण काय शोधायचे हे आधी ठाऊक असावे लागत नाही; यादीत निरर्थक जोडण्या भरपूर येतात, त्या मुकाट्याने ओलांडाव्यात. संग्रह इंग्रजी साहित्याचा आहे, त्यात डिकन्सच्या कादंबऱ्या आणि एकोणिसाव्या शतकातले बालसाहित्य आहे. स्वतःजवळची संहिता तपासायची असल्यास लॉरेन्स अँथनी यांचे मोफत ‘अँटकॉन्क’ हे सॉफ्टवेअर घ्यावे. कादंबरी आधी एकदा पूर्ण वाचलेल्यानेच ‘क्लिक’ उघडावे, असे माझे मत आहे; न वाचलेल्याला त्यात नुसत्या ओळी दिसतील.